इंजिन पाठीमागे, गिअर हातात: मुंबईत अशा गाडीला काही अर्थ आहे का?

माहीमचा क्लच (धागाकर्ता)

मंडळी,

गेल्या महिन्यात धाकट्या भावाकडे इंग्लंडला गेलो होतो. त्याच्या ऑफिसातल्या मित्राकडे लोटस एमिरा आहे, व्ही६ इंजिन आणि सहा गिअरचा मॅन्युअल. इन्शुरन्सचं सगळं रीतसर करून त्याने दोन तास गाडी माझ्या हातात दिली, स्वतः शेजारी बसला. परत येऊन तीन आठवडे झाले तरी ती गाडी डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एमिरा २०२१ मध्ये जगासमोर आली. सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप) लावलेलं टोयोटाचं ३.५ लिटर व्ही६, ४०० हॉर्सपॉवर, सीटच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे आडवं बसवलेलं. दुसरा पर्याय एएमजीच्या (मर्सिडीजच्या वेगवान गाड्यांच्या शाखेच्या) दोन लिटर टर्बोचा, त्याला मात्र आठ गिअरचा ड्युअल क्लचच मिळतो, म्हणजे क्लचचं पेडल नसलेला, स्वतः गिअर बदलणारा गिअरबॉक्स. पेट्रोलवर चालणारी ही आमची शेवटची गाडी, असं लोटसने तेव्हाच जाहीर केलं होतं.

आता अनुभव. गिअरच्या दांड्याखाली नेहमीची चामड्याची पिशवी नाही, खालची जोडणी उघडीच ठेवली आहे. तिसऱ्यातून चौथ्यात टाकताना ती धातूची कडी सरकताना दिसते. तिथून केबल निघतात आणि तुमच्या कमरेजवळून मागे गिअरबॉक्सपर्यंत जातात. आरशात बघितलं की मागच्या काचेतून सुपरचार्जरच्या बायपास झडपेची छोटी दांडी दिसते. ॲक्सिलरेटर दाबला की ती टुणकन हलते, पाय उचलला की परत जागेवर येते. गाडीवाल्याने स्वतःच ती कौतुकाने दाखवली. आपला पाय इंजिनापर्यंत पोचतोय हे असं डोळ्यांनी मी आजवर कुठल्याच गाडीत पाहिलं नव्हतं.

हे सगळं रविवारी वरळी सी-फेसवर चहाला जमतो त्या मंडळींना सांगितलं तर निम्मे म्हणाले, मॅन्युअलचा जमाना गेला. दाखला कॉर्व्हेटचा, जनरल मोटर्सच्या अमेरिकन स्पोर्ट्स कारचा. २०१९ ला दाखवलेली सी८, म्हणजे आठवी पिढी, ही कारखान्यातून विक्रीला आलेली पहिली मिड-इंजिन (इंजिन पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये असलेली) कॉर्व्हेट. ६.२ लिटर व्ही८, परफॉर्मन्स एक्झॉस्टसह ४९५ हॉर्सपॉवर, आणि मॅन्युअल मिळतच नाही. फेरारीने २००९ च्या ४५८ पासून मधल्या इंजिनाच्या गाड्यांतून क्लचचं पेडल काढलं. लॅम्बोर्गिनी गयार्डो २०१३ ला बंद झाली, तिच्याबरोबर त्यांचा मॅन्युअलही गेला. आउडी आर८ ची दुसरी पिढी २०१५ ला आली तीच दोन पेडल घेऊन.

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. इंजिन पुढे असलं की बॉनेट समोर असतं, त्याची थरथर दिसते. मिड-इंजिन गाडीत सगळा कारभार पाठीमागे, तुमच्या नजरेआड. अशा गाडीत हातातला तो दांडा म्हणजे मागे चाललेल्या कामाशी राहिलेला एकमेव थेट संबंध. तो काढला की तुम्ही फक्त बसलेले असता.

दुसरी गोष्ट मुंबईची. कोस्टल रोडवर मर्यादा ८०, बोगद्यात ६०. ड्युअल क्लचवाली ५०० हॉर्सपॉवरची गाडी ८० ला झोपलेली असते. मॅन्युअल गाडीत ४० ते ८० च्या दरम्यानही हातापायाला काम असतं. म्हणून मी म्हणतो, आपल्यासारख्या शहरात मॅन्युअलची गरज उलट जास्त आहे.

तुमचं मत लिहा. ज्यांनी मिड-इंजिन गाडी चालवली आहे त्यांनी तर नक्की लिहा.

चाकण ते चेंबूर

छान धागा. बावीस वर्षं गाड्यांच्या पॉवरट्रेनवर (इंजिन आणि गिअरबॉक्सवर) काम करतोय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

इंजिन मध्ये का टाकतात? गावाकडे बैलगाडी भरताना आजोबा सांगायचे, माल पुढे जास्त झाला की गाडी धुरजड, मागे जास्त झाला की उलाळ. धुरजड झाली की बैलांच्या मानेवर भार, उलाळ झाली की जू वर उचलतं. स्पोर्ट्स कारमध्ये हाच हिशोब चाकांशी असतो. इंजिन मागे सरकवलं की मागच्या चाकांवर वजन येतं, म्हणजे जोर लावताना टायर रस्ता सोडत नाहीत. सी८ मध्ये साधारण ४० टक्के वजन पुढे आणि ६० टक्के मागे आहे.

पण खरा फायदा त्याहून वेगळा. दोन्ही हात पसरून दोन भरलेल्या कळशा धरा आणि गिरकी घ्या. मग त्याच कळशा छातीशी धरून घ्या. वजन तेवढंच, पण दुसऱ्या वेळी तुम्ही पटकन फिरता आणि पटकन थांबता. मिड-इंजिन गाडीत सगळ्यात जड वस्तू गाडीच्या मध्याजवळ असते, त्यामुळे स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच वळतं. तोटाही तिथेच आहे: एकदा फिरायला लागली की सावरायला वेळ फार थोडा मिळतो.

रस्त्यावरच्या गाड्यांत हे लोकांच्या नजरेत भरलं ते १९६६ च्या लॅम्बोर्गिनी मिउरामुळे. तिचं व्ही१२ आडवं बसवलं होतं, आणि सुरुवातीच्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलावर चालायचे. स्वस्तातली युक्ती १९७२ च्या फियाट एक्स१/९ ने दाखवली. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स उचलायचं आणि तसंच्या तसं सीटमागे ठेवायचं. टोयोटाची १९८४ ची एमआर२ तशीच. १९९६ ची लोटस एलिसही तशीच, आणि तुमची एमिराही त्याच घराण्यातली.

आता सी८ मध्ये मॅन्युअल का नाही, ते. तिथे आळस नव्हता. त्या गाडीचा कणा म्हणजे दोन सीटांच्या मधून पुढे-मागे जाणारा पोकळ बोगदा. गिअरच्या दांड्यासाठी त्याला भोक पाडलं तर गाडीची ताकद नेमक्या मोक्याच्या जागी कमी होते. शिवाय इतका टॉर्क (फिरवण्याचा जोर) पेलणारा, मागे बसणारा मॅन्युअल गिअरबॉक्स थोड्या संख्येने बनवून द्यायला पुरवठादार मिळेना. दोन्ही कारणं त्यांच्या इंजिनिअर मंडळींनी उघडपणे सांगितली आहेत. नवा गिअरबॉक्स म्हणजे साचे, चाचण्या, प्रदूषणाचं प्रमाणपत्र, सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी स्वतः अशा बैठकांना बसलोय. 'किती नग विकले जातील?' हा पहिला प्रश्न असतो आणि बहुतेक वेळा शेवटचाही.

नागोया निवासी

माझ्याकडे टोयोटा एमआर-एस आहे. बाहेरच्या जगात एमआर२ ची तिसरी पिढी म्हणतात ती हीच. १.८ लिटर, १४० हॉर्सपॉवर, वजन एक टनाच्या आसपास, मॅन्युअल. वीस वर्षांहून जुनी गाडी. चाकणकरांनी 'सावरायला वेळ थोडा' लिहिलंय, त्यावर स्वतःचा प्रसंग सांगतो.

गाडी घेऊन दोन महिने झाले होते. पावसाळी सकाळ, डोंगरातला उताराचा रस्ता, उजवीकडे आत आत मिटत जाणारं वळण. मी तिसऱ्यात होतो. वळण वाटलं होतं त्याहून जास्त निघालं आणि मी घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण उचलला. पुढे इंजिन असलेल्या गाडीत हे चालून जातं, नाक आत येतं आणि काम होतं. इथे वजन एका क्षणात पुढच्या चाकांवर गेलं, मागची चाकं हलकी झाली आणि मागचा भाग डावीकडे निघाला. मी उलटं स्टिअरिंग देईपर्यंत गाडी पूर्ण फिरून आलो त्या दिशेला तोंड करून उभी राहिली. इंजिन बंद पडलं होतं. वायपर चालू होते. समोरून कुणी आलं नाही म्हणून आज लिहितोय.

दुसऱ्या पिढीची एमआर२ यासाठी जास्तच बदनाम होती. टोयोटाने १९९२ मध्ये तिच्या सस्पेन्शनमध्ये सुधारणा केल्या त्या यामुळेच.

त्या दिवसानंतर मी एक सवय लावून घेतली. वळणाआधी, गाडी सरळ असतानाच ब्रेक, तेव्हाच गिअर खाली, आणि वळणात पाय हलकासा दाबलेला. म्हणजे वळणाचा निर्णय आधी घ्यायचा. हे मला मॅन्युअलने शिकवलं, कारण गिअर खाली टाकायचा तर तो आधीच टाकावा लागतो. माहीमकर, तुमच्या 'थेट संबंध' या शब्दांशी मी शंभर टक्के सहमत आहे.

मिशिगनचा मराठी

धागाकर्त्यांनी कॉर्व्हेटचं नाव काढलंय, तेव्हा सी८ वाल्याने बोलायलाच हवं. चार वर्षं माझ्याकडे आहे.

आधी इतिहास. कॉर्व्हेट १९५३ ची. झोरा आर्कस-डन्टॉव्ह या इंजिनिअरने १९६० पासून मधल्या इंजिनाच्या प्रायोगिक गाड्या बनवून कंपनीच्या मागे धोशा लावला होता. ते १९९६ ला वारले. त्यानंतर तेवीस वर्षांनी त्यांचं स्वप्न जगासमोर आलं. ती गाडी मॅन्युअल नाही म्हणून नापास करणं मला अन्याय वाटतो.

ड्युअल क्लचबद्दल इथे बरेच गैरसमज दिसतात. हा साधा ऑटोमॅटिक नव्हे. आत दोन क्लच असतात, एकाकडे १-३-५-७ आणि दुसऱ्याकडे २-४-६-८. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच जुळवून ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, मध्ये ओढ तुटतच नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात. नागोयाकरांच्या त्या वळणात हात गिअरवर असता तर काय झालं असतं?

आणि एक खरं सांगतो, कारण इथे लपवण्यात अर्थ नाही. पहिले सहा महिने मी हाताने गिअर बदलायचे स्टिअरिंगमागचे पॅडल वापरायचो. हळूहळू बंद झालं. आता 'डी' मध्ये टाकतो आणि जातो. संगणक माझ्यापेक्षा चांगले गिअर टाकतो, मग मी मध्ये कशाला?

माहीमचा क्लच

मिशिगनकर, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल मनापासून आभार. पण माझा सगळा मुद्दा तुमच्या शेवटच्या परिच्छेदात आहे. पॅडल वापरायची सोय होती आणि तुम्ही ती सोडून दिलीत. ऐच्छिक असलेली गोष्ट माणूस सोडतो. मॅन्युअलमध्ये सोडायची सोयच नसते, म्हणून हाताला ती कायम येत राहते.

एक विनंती करू का? आठवडाभर गाडी फक्त पॅडलवर चालवून बघा आणि इथे लिहा. काय वाटलं ते जसंच्या तसं.

पार्लेकर ताई

धागा आवडला, पण काही प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं.

मी गाडी शिकले १९८९ साली, बाबांच्या प्रीमिअर पद्मिनीवर. कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी. गिअर जमिनीवर नव्हता, स्टिअरिंगच्या दांड्यावर होता. बाबा शेजारी बसायचे आणि सुरुवातीला माझ्या डाव्या हातावर हात ठेवायचे. सांगायचे काहीच नाहीत. इंजिनाचा सूर चढला की हातावर जरासा दाब यायचा, म्हणजे आता बदल. पंधरा दिवसांनी त्यांनी हात काढून घेतला तरी मला तो दाब जाणवायचा. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईत बंद झाल्या तेव्हा मला घरातलं कुणी गेल्यासारखं झालं. तेव्हा मॅन्युअलचं प्रेम मला कुणी शिकवू नये.

पण तीन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पार्ल्याहून बीकेसीला रोज जाणं. कलानगरच्या सिग्नलला चाळीस मिनिटं हाफ क्लचवर काढून दाखवा आणि मग मला 'खरा ड्रायव्हर' म्हणजे काय ते सांगा. मी ऑटोमॅटिक घेतली आणि पुन्हा गाडी चालवू लागले. ती नसती तर मी मागच्या सीटवर बसलेली असते.

माहीमचे दादा, तुम्ही 'तुम्ही फक्त बसलेले असता' असं लिहिलंय. ते मला लागलं. मी आजही रस्ता वाचते, आरसे बघते, पुढच्या रिक्षाचं चाक कुठे वळतंय त्यावरून ती कुठे घुसणार ते ओळखते. ते ड्रायव्हिंग नाही का?

माहीमचा क्लच

ताई, माझं वाक्य चुकलं, मागे घेतो. रोजच्या गाडीबद्दल मला म्हणायचं नव्हतं, पण लिहिताना ती मर्यादा मी घातली नाही. रविवारी पहाटे केवळ चालवण्यासाठी बाहेर काढतो त्या गाडीपुरतंच माझं म्हणणं आहे. रोजच्या सायन-माहीम लिंक रोडला मॅन्युअल हवा असा आग्रह माझाही नाही.

ठाणेकर घोडबंदर

ताईंना +१.

मात्र ड्युअल क्लचही मुंबईच्या गर्दीत सरसकट सुखाचा नाही, हे अनुभवाने सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही. माझ्या आधीच्या हॅचबॅकमध्ये सात गिअरचा ड्राय ड्युअल क्लच होता. मे महिन्यात घोडबंदर रोडला तासभर गाडी सरकत होती, दोन फूट पुढे, थांब, दोन फूट पुढे, थांब. गाडी पुढे जाताना दचके देऊ लागली आणि मग डॅशबोर्डवर सूचना आली: गिअरबॉक्स गरम झालाय, थांबा. गायमुखच्या चढावर, मागे टँकर. बायको-मुलांना उतरवून कडेला उभं केलं आणि वीस मिनिटं गाडी थंड व्हायची वाट बघितली.

नंतर मेकॅनिकने समजावलं. ड्राय क्लच म्हणजे आपल्या मॅन्युअलसारख्याच कोरड्या प्लेटा, हाफ क्लच तुमच्याऐवजी संगणक मारतो, एवढंच. ब्रेक हलका सोडून सरकत राहिलं की त्या घासतात. पुढे मोठी जागा होऊ द्यायची, मग एकदम जायचं. आपल्याकडे ती जागा सोडली तर दोन रिक्षा आणि एक बाईक तिथे शिरतात. कॉर्व्हेट आणि पोर्शेमधले क्लच तेलात बुडालेले असतात, त्यांची उष्णता तेल घेऊन जातं, म्हणून त्यांना हा त्रास कमी.

लालडबा

वडील एसटीत ड्रायव्हर होते, नाशिक डेपो. १९७४ ते २००६. हा धागा त्यांना वाचून दाखवला.

कसारा घाट उतरताना ते गिअर कसा पाडायचे ते मी लहानपणी इंजिनाच्या झाकणाशेजारी बसून बघितलंय. क्लच दाबायचा, न्यूट्रल. क्लच सोडायचा. ॲक्सिलरेटरला एक ठोसा द्यायचा. पुन्हा क्लच, आणि मग खालचा गिअर. डबल क्लच म्हणतात तो हाच. गिअरच्या दात्यांचा वेग जुळला तर दांडा लोण्यात सुरी जावी तसा जायचा, नाही जुळला तर खरर्र असा आवाज सगळी गाडी ऐकायची. बाबांच्या हातून असा आवाज मी दोनदाच ऐकला. दात्यांचा वेग आपोआप जुळवणारा सिंक्रोमेश १९२८ पासून कॅडिलॅकमध्ये होता म्हणे, पण बाबांच्या पहिल्या गाड्यांपर्यंत तो धडपणे पोचलेला नव्हता.

त्यांना विचारलं, आता नव्या गाड्यांना क्लचच नसतो, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, 'आम्हाला हौस नव्हती रे. मागे पन्नास माणसं होती. ब्रेक तापून गेले असते म्हणून गिअर पाडायचो.' मग बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, 'पण बरोबर पडला की बरं वाटायचं.'

दोन्ही वाक्यं जशीच्या तशी लिहिली आहेत.

चाकण ते चेंबूर

लालडबा, वडिलांना माझा नमस्कार सांगा. ते ॲक्सिलरेटरला द्यायचे तो ठोसा, त्याच पायाने ब्रेक दाबून धरत द्यायला, रेसच्या ट्रॅकवर 'हील अँड टो' म्हणून शिकवतात, आणि त्याचे पैसे घेतात.

ओम्नीवाला भांडुप

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. मिड-इंजिन, मागच्या चाकांवर चालणारी, मॅन्युअल गाडी भारतात हजारो लोकांनी चालवली आहे. मारुती ओम्नी! १९८४ ला मारुती व्हॅन म्हणून आली, २०१९ ला बंद झाली. ७९६ सीसी तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली, पुढच्या चाकांच्या मागे. व्याख्येने मिड-इंजिनच. शाळेची व्हॅन, ॲम्ब्युलन्स, फुलवाल्यांची गाडी, सगळं तीच. सीट उचलली की समोर इंजिन. उन्हाळ्यात मांड्या भाजायच्या.

सतरा वर्षं आमच्या केटरिंगच्या धंद्यात ती होती. एकदा रात्री साडेअकराला, घाटकोपरचं लग्न आटपून येताना विक्रोळीजवळ क्लचची केबल तुटली. मागे रिकामी पातेली. गाडी ढकलून कडेला घेतली आणि मामाने शिकवलेलं आठवलं. इंजिन बंद, पहिला गिअर टाकला, चावी फिरवली. स्टार्टरच्याच जोरावर गाडी दचके देत निघाली आणि इंजिन सुरू झालं. मग वेग घेतला, पाय उचलला, दांडा हळूच न्यूट्रलला ओढला, इंजिनाचा आवाज खाली येऊ दिला आणि दुसऱ्यावर दोन बोटांनी नुसता दाब देऊन थांबलो. आवाज जुळल्या क्षणी तो आपोआप आत गेला. भांडुपपर्यंत दुसऱ्यावरच आलो, एका सिग्नलला गाडी बंद करून पुन्हा तसंच निघालो.

मला तेव्हा कळलं गिअर म्हणजे काय. एमिरा मी कधी बघितलेली नाही, पण माहीमकर काय म्हणताहेत ते बरोबर समजतंय.

हिशोबनीस

भावना पोचल्या. पण माहीमकरांचा '४० ते ८० मध्ये हातापायाला काम' हा मुद्दा टिकत नाही, आणि तो टिकत नाही हे स्पष्ट लिहायला हवं.

पोर्शे ७१८ केमन जीटी४ घ्या. चार लिटर, ४२० हॉर्सपॉवर, मॅन्युअल, मिड-इंजिन, म्हणजे तुमच्या स्वप्नातली गाडी. तिचे गिअर इतके लांब आहेत की नुसत्या दुसऱ्यात ती १३० च्या पुढे जाते. त्यावर खुद्द पोर्शेच्या चाहत्यांनीही टीका केली आहे. म्हणजे कोस्टल रोडवर तुम्ही पहिला आणि दुसरा टाकणार, आणि दुसराही पुरता वापरायला मिळणार नाही. मॅन्युअल असून काम काय उरलं? अटल सेतूवर मर्यादा १०० आहे, तिथेही तेच. एक्सप्रेस वेच्या घाटात तर ६०. उलट आल्पिन ए११० बघा. १.८ टर्बो, वजन ११०० किलोच्या आसपास, फक्त ड्युअल क्लच. तरी ती कमी वेगातही आनंद देते असंच सगळे लिहितात, कारण ती हलकी आहे. तुमचा शत्रू ड्युअल क्लच नाही, वजन आणि हॉर्सपॉवर आहे.

आणि पैशाचं बोला. बाहेरून तयार येणाऱ्या महागड्या गाड्यांवर आपलं शुल्क गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त पडत आलंय. जुलै २०२५ च्या भारत-ब्रिटन करारात ठरावीक कोट्यापुरतं ते टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरवायचं ठरलं, आणि एमिरा ब्रिटनमध्ये हेथेलला बनते, एवढीच आशा. कॉर्व्हेटचा तर प्रश्नच नाही, जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस आपल्याकडे विक्री बंद केली.

माहीमचा क्लच

हिशोबनीस, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. गिअरच्या लांबीचा मुद्दा मान्य. एमिरातही मी त्या दोन तासांत बराच वेळ दुसऱ्या-तिसऱ्यातच होतो, हे आता आठवतंय. म्हणजे मला हवी असलेली गाडी ४०० हॉर्सपॉवरची नाहीच. हलकी, लहान इंजिनाची, गिअर एकमेकांच्या जवळ असलेली, आणि इंजिन मध्ये. नागोयाकरांकडे आहे ती.

पण 'मॅन्युअल असून काम काय उरलं' हे मान्य नाही. पोर्शेचंच उदाहरण देतो. २०१३ ला त्यांनी ९११ जीटी३ फक्त पीडीकेमध्ये (त्यांच्या ड्युअल क्लचमध्ये) आणली, कारण ट्रॅकवर तीच वेगवान. २०१६ ला मॅन्युअलवाली ९११ आर काढली, फक्त ९९१ गाड्या. त्या मूळ किमतीच्या कितीतरी पट दराने पुन्हा विकल्या गेल्या. पुढच्याच वर्षी जीटी३ मध्ये मॅन्युअल परत आला. टोयोटाची सुप्रा २०१९ ला आठ गिअरची ऑटोमॅटिक आली, २०२२ ला मॅन्युअल द्यावा लागला. नामवंत डिझायनर गॉर्डन मरेंनी टी.५० ही गाडी बनवली तेव्हा पैशाची अडचण नव्हती, कुठलाही गिअरबॉक्स घेता आला असता. व्ही१२, १२,१०० आरपीएम, वजन हजार किलोच्या आत, आणि सहा गिअरचा मॅन्युअल. घड्याळ हरलं तरी चालेल असं या सगळ्यांनी ठरवलं, ते काही उगाच नाही.

नागोयाकर, एमआर-एस भारतात आणता येईल का?

नागोया निवासी

मीच चौकशी केली होती, परत येताना घेऊन यायची म्हणून. आपल्या नियमाप्रमाणे वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. उजव्या हाताचं स्टिअरिंग हवं, ते आहे. आणि येणार ती फक्त मुंबई बंदरातून, म्हणजे तेही तुमच्या दारात. पण एमआर-एसचं उत्पादन २००७ ला संपलं. त्यामुळे दार बंद.

जानेवारी २०२५ च्या टोकियो ऑटो सलूनमध्ये मात्र टोयोटाने जीआर यारिस एम कन्सेप्ट ठेवली होती. दोन लिटरचं नवं टर्बो इंजिन, सीटच्या मागे. बॉडीला मागे हवा घ्यायची भोकं आहेत. चार चाकांवर चालणारी, त्यामुळे हलकी म्हणता येणार नाही. पण मिड-इंजिनचा विचार तिथे मेलेला नाही.

चाकण ते चेंबूर

अवांतर: आपल्याकडेही प्रयत्न झालाय हे नोंदवून ठेवतो. दिलीप छाब्रियांची डीसी अवंती २०१२ च्या ऑटो एक्स्पोला दिसली. रेनॉचं दोन लिटर टर्बो सीटमागे आडवं, आणि सहा गिअरचा मॅन्युअल. एक्स१/९ चीच युक्ती. तिच्या फिनिशिंगबद्दल बोलायला खूप आहे, पण मराठी मुलखात अशी गाडी घडली, रस्त्यावर आली, याचं मला तेव्हाही अप्रूप होतं आणि आजही आहे.

मिशिगनचा मराठी

माहीमकर, आठवडा झाला. तुम्ही सांगितल्याप्रमाणे फक्त पॅडलवर चालवली, आता लिहितो.

सोमवार-मंगळवार वैताग. सिग्नलला उजवीकडे वळताना पॅडल हाताखालून निसटतं, दोनदा नको तो गिअर पडला. बुधवारी ऑफिसातून लवकर निघालो आणि हायवे सोडून नदीकाठच्या रस्त्याने आलो. मर्यादा ताशी ४५ मैल, म्हणजे तुमच्या कोस्टल रोडच्या ८० पेक्षा कमीच. वळणाआधी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणलं, मागे इंजिनाने हुंकार दिला आणि गाडी बसली. पुढच्या वळणाआधी पुन्हा. घरी वीस मिनिटांत पोचतो तिथे चाळीस लागली, कारण शेवटचा तुकडा मी परत मागे जाऊन पुन्हा चालवला. चार वर्षांत असं केलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी बर्फ आणि वाहतुकीची कोंडी. 'डी' मध्ये टाकलं. ताईंची आठवण झाली.

माहीमचा क्लच

बुधवारी रेडिओ चालू होता का?

मिशिगनचा मराठी

नाही. वळण यायच्या आधीच बंद केला होता. कधी केला ते आठवत नाही.

पार्लेकर ताई

डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात गुडघा तपासला, सूज नाही म्हणाले. बाबांची पद्मिनी भावाकडे डोंबिवलीला शेडमध्ये उभी आहे, चार वर्षं चालू केलेली नाही. ओम्नीवाले दादा, क्लच चिकटून बसला असेल तर काय करायचं?

ओम्नीवाला भांडुप

ताई, जोर लावू नका. पहिली बॅटरी, दुसरं गिअरबॉक्सचं तेल, मग क्लच. मी रविवारी सातला निघतो, येताना ऐरोलीहून माझ्या मेकॅनिकला घेतो. तुम्ही फक्त चावी शोधून ठेवा.